आईंची पांढरी किनार

आमच्या सासूबाईंसमोर ‘लेस’ हा शब्द काढायची सोय नाही. लेस बाजारात मीटरवर मिळते, मशीन ती भसाभसा ओकतं आणि दोन धुण्यांत तिचे धागे लोंबायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. त्या करतात ती किनार. पांढऱ्या मलमलीची दोन बोटं रुंद पट्टी घ्यायची, तिच्यावर पांढऱ्याच दोऱ्यानं वेल भरायची, फुलं भरायची, आणि मग ती कुणाच्या कुर्त्याच्या बाहीला, कुणाच्या ब्लाउजच्या गळ्याला, कुणाच्या नातीच्या फ्रॉकच्या घेराला लावून द्यायची. पनवेलजवळ करंजाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांची किनार नाही असं कपाट सापडायचं नाही. मी त्यांना ‘अहो आई’ म्हणते, म्हणून इथेही आईच म्हणते.

हे चिकनचं भरतकाम त्या लखनौला शिकल्या. सासरे रेल्वेत होते, लग्नानंतर लगेच त्यांची तिकडे बदली झाली. आईंना हिंदीचा गंध नव्हता. शेजारी एक मुसलमान बाई राहायच्या, त्यांना सगळे खाला म्हणायचे. दुपारी त्या अंगणात बाज टाकून कापड भरत बसायच्या आणि आई त्यांच्या शेजारी जाऊन नुसत्या बघत बसायच्या. भाषा यायच्या आधी मला टाका आला, असं त्या अजूनही सांगतात. पुढे बदल्या झाल्या, घरं बदलली, शेवटी पनवेलला येऊन आम्ही स्थिरावलो, सासरे गेले, तरी दुपारची ती बैठक काही मोडली नाही. जेवणं आटोपली की बाल्कनीच्या दारात खुर्ची, मांडीवर लाकडी रिंग, आणि हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मी इथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. संध्याकाळी घरी आले की पर्स ठेवायच्या आधी आजचं काम बघायचं, हा नियम. ‘छान झालंय’ एवढं म्हटलेलं चालत नाही. कुठलं फूल छान झालंय ते सांगावं लागतं, नाहीतर फुगून बसतात.

पांढऱ्यावर पांढरं भरायचं म्हणजे दिसणार काय, असं मला सुरुवातीला वाटायचं. त्याची युक्ती आहे. आईंकडे खालांनी दिलेले शिसवी लाकडाचे ठसे आहेत. कपडे धुताना घालतो ती नीळ डिंकाच्या पाण्यात कालवायची, ठसा त्यात बुडवायचा आणि कापडावर उमटवायचा. निळ्या रेघेवरून सुई चालवायची. काम संपलं की कापड रात्रभर पाण्यात घालायचं, सकाळी बादली निळी आणि किनार स्वच्छ पांढरी. नीळ फक्त वाट दाखवण्यापुरती, ती फिकीच हवी, डोळे असले तर फिकी पुरते, असं त्याच मला शिकवताना सांगायच्या. शिकवताना म्हणजे काय, माझ्यामागे लागून लागून त्यांनी माझ्या हातात सुई दिली होती. मला कुठला धीर! अर्धी पाकळी झाली की माझी मान धरायची आणि मी चहा टाकायला उठायचे.

तर त्या वर्षी पावसाळा सरता सरता बादलीचं पाणी जास्त निळं दिसायला लागलं. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मग एकदा किनार वाळत घातलेली दिसली, तर पांढरी कुठली, आकाशी. मी विचारलं तर म्हणाल्या, “हल्लीची नीळच भेसळीची.” आठवड्यानं पुन्हा तेच. मग दोरा वाईट झाला. मग समोर नवीन टॉवर उभा राहिला त्यानं उजेड अडवला. मग माझ्या नवऱ्यानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, बल्ब बदलून पांढरे आणले ते डोळ्यांत जातात. सगळ्या जगाचं काही ना काही बिघडलं होतं, एक आईंचं सोडून!

सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मी त्यांना सुया ओवून देत होते. सुयांची एक उशी आहे, तिच्यावर ओळीनं दोरा ओवलेल्या सुया टोचून ठेवायच्या. हे कधी सुरू झालं ते मला आठवत नाही. आधी एखादी द्यायचे, मग दोनचार, मग अख्खी उशी. माणूस रोज डोळ्यांसमोर असलं की त्याच्यात काय बदललं ते कळत नाही, हे मी अगदी अनुभवानं सांगते.

ते कळलं मासेवाल्या मावशींमुळे. मावशी गव्हाणच्या. आठवड्यातून दोनदा आमच्या बिल्डिंगखाली टोपली घेऊन येतात, खाडीची कोळंबी, बोंबील, नशिबात असेल तर जिताडा. आईंचं आणि त्यांचं फार जमतं. दोघी भावावरून कडाकडा भांडतात आणि मग बाकावर बसून एकमेकींची दुखणी ऐकतात. मावशींच्या नातीचा पहिला वाढदिवस होता आणि तिच्या गुलाबी फ्रॉकला त्यांनी हौसेनं किनार लावून घेतली होती. वाढदिवस झाल्यावर त्या फ्रॉक घेऊन थेट वर घरीच आल्या. फ्रॉकच्या घेरावर निळे ओघळ.

“काकी, ही नीळ हाय का शाई? किती धुतला, नाय जात.”

आईंनी फ्रॉक हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडे धरला. “कुठे आहे निळं?” त्या म्हणाल्या.

मी आणि मावशींनी एकमेकींकडे बघितलं. निळं तिथे हातभर होतं.

“काकी, तुमाला दिसत नाय,” मावशी म्हणाल्या. आम्ही घरातले शिकलेसवरलेले सगळे जे आडवळणानं बोलत होतो ते त्यांनी एका वाक्यात बोलून टाकलं. “माजा पन डोला असाच झालेला. आपरेशन केला, आता बोंबलाचा काटा पन दिसतं. तुमी पन करा. घाबरायचं काय हाय त्यात?”

घाबरायचं काय आहे ते मावशींना माहीत नव्हतं. आईंचा उजवा डोळा काचबिंदूनं कधीच गेलेला. गेला तो कुणाला पत्ता न लागू देता, हळूहळू, आणि डॉक्टरांकडे पोचेपर्यंत उशीर झाला होता. म्हणजे आईंचं सगळं काम, सगळं बघणं, इतकी वर्षं एकट्या डाव्या डोळ्यावर चाललेलं. आता त्या डाव्यात मोतीबिंदू. मावशींचं ऑपरेशन बिघडलं असतं तर त्यांना दुसरा डोळा होता. आईंना नव्हता.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पनवेलमधलेच, तरुण, शांत बोलणारे. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, पडदा चांगला आहे, मोती काढला तर दिसायला हवं. ठेवला तर तो कडक होत जाईल आणि पुढे काढणं अवघड. आईंनी विचारलं, “नक्की दिसेल?” डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, “आजी, बहुतेक सगळ्यांना दिसतं. शंभर टक्के मी कुणालाच सांगत नाही.” आईंनी पदर सावरला, उठल्या आणि सरळ रिक्षात जाऊन बसल्या. रिक्षात म्हणाल्या, “जेवढं दिसतंय तेवढं पुरे आहे मला.”

झालं! विषय संपला. नवरा म्हणाला, आईला जबरदस्ती करायची नाही. ह्यांचं बरं असतं, समजूतदारपणा करून पेपर उघडायचा. मी चिडले, ओरडले, दोन दिवस भाजीत मीठ कमीजास्त केलं. आई ढिम्म. आणि त्यांनी मावशींच्या नातीसाठी नवीन किनार भरायला घेतली, आधीची बिघडली म्हणून.

ती किनार मी एका संध्याकाळी बघितली. वेल निळ्या रेघेवरून सुरू झाली होती आणि मध्येच सुटून भलतीकडे गेली होती. एका फुलावर दुसरं फूल चढलं होतं. ज्या बाईनं मला अर्धा टाका वाकडा गेला म्हणून अख्खी पाकळी उसवायला लावली होती, तिच्या हातचं हे. मी म्हटलं, “छान झालंय, ते कोपऱ्यातलं फूल विशेष.” आई खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी ती किनार मी पर्समध्ये टाकली आणि ऑफिसात नेली. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून बिघडलेले टाके उसवले आणि परत भरले. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, “काय गं, आज बटणं लावायची ऑर्डर घेतलीस की काय?” हसू दे. माझा हात काही आईंसारखा नाही, पण रेघ सोडत नव्हता. असं मी करतच राहिले. त्या दिवसभर भरायच्या, मी रात्री गुपचूप पर्समध्ये टाकायचे, दुपारी नीट करायचे आणि संध्याकाळी परत आईंच्या कामाच्या टोपलीत ठेवायचे. सकाळी आईंना दुसरी पट्टी देऊन गुंतवायचे. यात मला काही चूक वाटली नाही आणि आजही वाटत नाही. मला एवढंच हवं होतं की मावशींच्या घरून पुन्हा फ्रॉक परत येऊ नये आणि आईंना कुणी काही बोलू नये.

पण चिकनचं एक आहे. त्याची पुढची बाजू डोळ्यांना दाखवायची आणि मागची बोटांना. बखिया नावाचा जो टाका असतो त्यात धाग्यांची सगळी आडवीतिडवी जाळी मागच्या बाजूला होते, पुढून पातळ कापडातून तिची नुसती सावली दिसते आणि कडेनं बारीक टाके. कसलेला हात मागे गाठ म्हणून मारत नाही, धागा जाळीतच मुरवतो. मी कुठली कसलेली! सुट्टी संपायची घंटा वाजली की गाठ मार आणि मोकळी हो.

आईंनी एक दिवस पूर्ण झालेली किनार मांडीवर घेतली, उलटी केली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. मी समोरच भाजी निवडत होते. अंगठा थांबला. मागे आला. परत पुढे गेला, परत थांबला.

“ह्या गाठी कुणाच्या?”

मी मेथीत तोंड खुपसलं.

“मी विचारते आहे. माझ्या किनारीत गाठी कुणी मारल्या?”

“मी,” म्हटलं. “थोडं इकडेतिकडे झालं होतं, आई. म्हणून नीट केलं.”

“किती दिवस?”

मी मेथीची पानं खुडत राहिले. त्यांनी घडी घातली, किनार टोपलीत ठेवली, टोपली कपाटात ठेवली आणि कपाट लावून घेतलं. आमच्या घरात भांडण झालं की भांड्यांचा आवाज होतो. त्या दिवशी कसलाच आवाज झाला नाही, आणि मला ते फार लागलं. दोन दिवस त्या दुपारच्या खुर्चीवर बसल्या नाहीत. संध्याकाळी मी यायचे तेव्हा बंद टीव्हीसमोर बसलेल्या असायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घालत असताना म्हणाल्या, “डॉक्टरांची वेळ घे.”

मी वेळ घेतली. वाटलं, सुटलो. पण त्या शनिवारी हाफ डे होता म्हणून लवकर घरी आले, तर आई बाल्कनीच्या दारात खुर्चीवर आणि डोळे मिटलेले. मला वाटलं बसल्या बसल्या डुलकी लागली. मग दिसलं की हात चालतोय. रिंगमध्ये कोरी पट्टी, ठसा नाही, नीळ नाही. डाव्या हाताचं बोट कापडाखाली, सुई वर येत होती, खाली जात होती.

“अहो आई, हे काय?”

“गप्प बस जरा. फूल अर्धं आहे.”

मी उभी राहिले. त्यांनी फूल पूर्ण केलं, धागा दातानं तोडला, तरी डोळे उघडले नाहीत. म्हणाल्या, “डोळा गेला तर हाताला काय येतं, ते बघत होते. दोन दिवस करतेय तू नसताना. बघ आणि सांग.”

मी पट्टी घेतली. तिच्यावर फुलं नव्हती. टाके होते, प्रत्येक टाका सुरेख होता, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. पाकळी सुरू व्हायची आणि मिटायचीच नाही.

“खरं सांग हं. कोपऱ्यातलं फूल विशेष वगैरे नको.”

मला रडू आलं. “नाही जमलं, आई.”

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “अंगठ्याला कळलं होतं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.” मग त्यांनी डोळे उघडले आणि समोरच्या टॉवरकडे, म्हणजे तो जिथे आहे तिकडे, बघत बसल्या. “मला वाटलं होतं, इतक्या वर्षांचा हात आहे, तो तरी राहील. तोही डोळ्याचाच निघाला. म्हणजे डोळा गेला तर माझ्याकडे काहीच उरत नाही गं. दिवसभर करू काय मी?”

इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं बघितलं नव्हतं. सासरे गेले तेव्हासुद्धा सगळ्यांना चहा करून देणारी ही बाई. मी खाली बसले आणि म्हटलं, “मग नको करू या, आई. मी वेळ रद्द करते. राहू दे आहे तेवढं.”

“आणि तू जन्मभर जेवणाची सुट्टी माझं उसवण्यात घालवणार?” त्या एकदम कडाडल्या. “काही नको! मला कुणी झाकून घेतलेलं चालायचं नाही. बुधवारी जायचं म्हणजे जायचं.”

बुधवारी गेलो. दवाखाना बाजाराच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर. आईंना हिरवा गाऊन घातला, केसांवर टोपी चढवली आणि नर्सबाई हाताला धरून आत घेऊन गेल्या. जाताना आईंनी मागे वळून बघितलं. आमच्याकडे नाही, सगळीकडेच, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, खिडकीकडे, बाकांकडे. मी तोंड फिरवलं. नवरा पेपरचं एकच पान धरून बसला होता. मला त्याचा राग आला आणि मग बघितलं तर ते पान नुसत्या जाहिरातींचं होतं. मी त्याच्याजवळ सरकून बसले. मनात एकच चाललं होतं, की मीच डॉक्टरांकडे नेलं, मीच भुणभुण लावली, आणि आता काही झालं तर ह्या घरात मी रोज त्या रिकाम्या खुर्चीसमोरून कशी जाणार. मावशींचा फोन आला. मागे मासळी बाजाराचा गलका. “झालं का काकींचं? नाय? होईल हो. मी सगल्या देवांना सांगून ठेवलाय.” मी फोन नवऱ्याच्या हातात दिला.

ऑपरेशन लवकर झालं, पण डोळ्यावरचं झाकण दुसऱ्या दिवशी काढायचं होतं. तोवर आईंना काहीच दिसत नव्हतं. एक डोळा गेलेला, दुसरा झाकलेला. मी भात कालवून भरवला. बाथरूमपर्यंत हात धरून नेलं. आईंनी कुरकुर केली नाही, नेहमीसारखं मीठ कमी आहे असंही म्हणाल्या नाहीत. भिंतीला हात लावत चालल्या, दाराची चौकट चाचपली, आणि एकदा फक्त विचारलं, “दिवे लावलेस का?” लावले होते.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं. मी समोर उभी. झाकण काढलं, कापसानं डोळा पुसला. “हं, आजी, सावकाश उघडा.”

आईंनी डोळा उघडला. मिटला. परत उघडला. चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही.

“आजी, काय दिसतंय?”

आई माझ्या दिशेला बघत राहिल्या, एकटक. डॉक्टरांनी बोटं समोर धरली, त्यांनी त्या बोटांकडे लक्षही दिलं नाही. मला वाटलं, संपलं.

“ही किनार उलटी लागलीय,” आई म्हणाल्या.

डॉक्टरांना काही कळेना. मी माझ्या बाहीकडे बघितलं. घाईत हाताला आला तो जांभळा कुर्ता घालून मी आले होते.

“जाळी वर आलीय सगळी,” आई म्हणाल्या. “कुणी लावली ही?”

मी बाहीवर हात ठेवला.

“मी लावली?” आईंनी विचारलं.

“हो.”

“केव्हा?”

“दिवाळीच्या आधी.”

“आणि तू हा घालून ऑफिसात जातेस?”

“जाते,” मी म्हटलं. “सारखी जाते.”

आईंनी हात पुढे केला. मी जवळ गेले. त्यांनी बाहीची कड चिमटीत धरली, तोंडाजवळ नेली नाही, उजेडाकडे धरली नाही, होती तिथेच बघितली. मग बाही सोडून वर माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिल्या.

डॉक्टर घाईनं पुढे वाकले. “अहो आजी, पाणी कशानं येतंय? टोचतंय का आत?”

“टोचत नाही हो,” आई म्हणाल्या. “दिसतंय, म्हणून.”